पांढऱ्या रंगाची चौकशी

पांढरा रंग म्हणजे काय, असा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षापर्यंत कोणी विचारला असता, तर त्या गृहस्थाच्या बुद्धीविषयीं शंका घेऊन आम्हीं त्याला दुधाकडे, मोगऱ्याकडे किंवा आमच्याच डोक्यावरील केसांकडे बोट दाखविलें असतें. तांबडा कोणता, केशरी कोणता ह्याविषयीं मतभेद संभवतो. परंतु पांढरें तें पांढरें, त्यांत काय पाहावयाचें, अशी आमची लहानपणापासूनची समजूत होती. यंदाच्या उन्हाळ्यांत मिरजगांवच्या आमच्या घरीं ही समजूत पांच रात्रींत पार ढासळली. ती हकीकत विद्वान वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ती ज्या वस्तूपायीं ढासळली ती वस्तु म्हणजे आमच्या वडिलांचा फेटा असल्यामुळें आम्हांस तिला क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.

मिरजगांव हें कर्जत तालुक्यांतलें, नगर-सोलापूर रस्त्यावरचें गांव. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, आणि अहिल्याबाईंचें जन्मस्थान चोंडी हें आमच्या बाजूचेंच असल्यामुळें आम्हां मंडळींस त्याचा अभिमानहि आहे, तरी एस. टी.मध्यें बसलेला मनुष्य संवयीनें अजून 'नगर'चेंच तिकीट मागतो. येथें आमचें जुनें माळवदाचें घर आहे. धाकटे बंधु शेती पाहतात. आम्ही गेलीं तीस वर्षें पुण्यास राहून मुलांस इंग्रजी काव्य समजावून देण्याचा, किंवा निदान तें त्यांस समजलें आहे असें परीक्षेपुरतें भासविण्याचा, व्यवसाय करीत आहों. मातोश्रींचें वय ऐंशीच्या घरांत असून गुडघ्यांमुळें त्यांचें जग ओसरीच्या पायरीशीं संपलें आहे. त्यांस घरबसल्या सिनेमा दाखवावा, ह्या हेतूनें आम्हीं एका स्नेह्याकडून त्याचा वापरलेला प्रोजेक्टर अल्प किंमतींत घेतला, असें आम्ही सर्वांस सांगत होतों. हें खरें होतें, पण अर्धें.

उरलेलें अर्धें असें कीं, आमच्या भगिनीचा विवाह १९९१ सालच्या वैशाखांत झाला, तेव्हां त्याचें व्हिडिओ चित्रण केलें होतें. ती टेप ट्रंकेंत पडून होती. ती बुरशीनें नष्ट होण्यापूर्वीं नगरच्या एका दुकानदाराकडून आम्हीं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. वडील १९९६ सालीं गेले. त्यांचीं छायाचित्रें दोनतीनच, तींहि काळींपांढरीं. हालतेबोलते आणि रंगांतले वडील त्या टेपेखेरीज जगांत कोठेंहि उरलेले नाहींत. आणि त्या टेपेंतहि ते मोजून दोन-अडीच मिनिटेंच आहेत. त्या दोन-अडीच मिनिटांत त्यांच्या डोक्यावर फेटा आहे. त्या फेट्याविषयीं आमच्या मनांत एक जुनें शल्य आहे, तें पुढें सांगूं.

पहिल्या रात्रीं घरचीं व शेजारचीं मिळून पंधरावीस माणसें ओसरीवर जमलीं. प्रारंभ 'पिंजरा' ह्या चित्रपटानें करावयाचा असें ठरलें. कारण तो मातोश्रींनीं एकदां जत्रेंतल्या तंबूंत पाहिला होता, आणि त्यानंतर दुसरा सिनेमा पाहण्याचें त्यांस कारणच वाटलें नव्हतें. दिवे मालविले. भिंतीवर माणसें उमटलीं, आणि तीं सगळीं हिरवट होतीं. तमासगीर हिरवट, मास्तर हिरवट, गांवकरी हिरवट. अगदीं कैरीच्या सालीसारखे नव्हेत, पण त्या वाटेवरचे. बंधूंनीं विचारलें, "दादा, समद्या गावाला एकदमच कावीळ झाली काय?"

मंडळींचें निदान एकमतानें झालें, कीं होल्टेज कमी आहे. आमच्या भागांत कोणत्याहि यंत्राच्या कोणत्याहि दुखण्यास हें निदान लागू पडतें, आणि तें निराधार नाहीं. तारेचा बल्ब कमी दाबाच्या विजेवर पिवळा पडतो हें ज्यानें जन्मभर पाहिलें आहे, त्यानें दुसरें काय म्हणावें? परंतु ह्या यंत्रांतला दिवा तारेचा नसून पाऱ्याच्या वाफेचा असतो. त्याला वीज पोंचविणारें उपयंत्र आपल्या परीनें ती स्थिर ठेवतें. आणि तें न साधल्यास यंत्र बंद पडतें, हिरवें होत नाहीं. वीजकंपनीची बाजू घेण्याचा प्रसंग आमच्या आयुष्यांत प्रथमच आला, आणि श्रोत्यांपैकीं एकाचेंहि मत त्यामुळें बदललें नाहीं.

खरें कारण दुसऱ्या दिवशीं यंत्राबरोबरच्या पुस्तकांत शोधतां शोधतां सांपडलें. पाऱ्याच्या दिव्यांत हिरवा प्रकाश मुबलक आणि तांबडा तुटपुंजा असतो. मनुष्याचा डोळा उजेडाचा कमीअधिकपणा मुख्यतः हिरव्यावरून ठरवितो. म्हणून पेटीवर प्रकाशाचा मोठा आंकडा छापण्याची ज्यांस हौस आहे ते कारखानदार यंत्रांत एक 'डायनॅमिक' नांवाची रीत ठेवतात. तींत हिरव्यास मुळींच लगाम नसतो. चित्र लखलखीत दिसतें आणि माणसें हिरवीं होतात. 'सिनेमा' नांवाच्या दुसऱ्या रीतींत हिरव्यास व निळ्यास छाटून तांबड्याच्या पंक्तीला बसविलेलें असतें. त्यामुळें चित्र मंद होतें, पण खरें होतें. श्रीमंत भावास गरीब भावाच्या पायरीवर आणून घरांत समता नांदविण्याचाच हा प्रकार. आमच्या यंत्राचा दिवा सत्ताविसशें तास जळलेला होता. असा दिवा वयाबरोबर नुसता मंदच होत नाहीं, तर त्याच्या रंगांचें प्रमाणहि ढळतें. म्हणून छाटणी पुस्तकांत सांगितली त्याहून अंमळ अधिक करावी लागली.

हिरवेपणा गेला, तों निळेपणा दिसूं लागला. ह्याचा शोध मात्र आमचा नव्हे, आमच्या भावजयीचा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चुन्यात नीळ घातलीया की." दिवाळीपूर्वीं भिंतीस चुना देतांना त्यांत नीळ घालावयाची, म्हणजे चुन्याची पिवळसर झांक मरते आणि भिंत अधिक पांढरी भासते, वडिलांचें धोतर धुतांना हीच युक्ति मातोश्री करीत. म्हणजे आम्ही ज्या भिंतीस पांढरी म्हणत होतों ती वास्तविक किंचित् निळी होती, आणि निळी असल्यामुळेंच पांढरी वाटत होती! शेवटीं बंधूंनीं कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स गोठ्यावरून उतरवून आणला, धुतला आणि उलटा टांगला. त्याची पाठ चांगली कोरी पांढरी निघाली. पुढाऱ्याचें तोंड भिंतीकडे असल्यामुळें रंगांत कांहीं व्यत्यय आला नाहीं.

तिसरी खोड तारेची होती. मधूनच चित्र जांभळें-हिरवें होई आणि तार काढून पुन्हां बसविली कीं शुद्धीवर येई. रंगीत चित्र तारेंतून दोन प्रकारें धाडतां येतें. तांबडा, हिरवा व निळा असे तीन हिस्से वेगळे करून धाडणें हा एक. आणि एक उजेडाचा हिस्सा व दोन रंगांतील फरकांचे, असे तीन धाडणें हा दुसरा. धाडणारें यंत्र दुसरी भाषा बोलत असतांना घेणारें पहिली समजून बसलें, तर असा जांभळा-हिरवा गोंधळ होतो. एकानें मोडींत लिहावें आणि दुसऱ्यानें तें बाळबोध समजून वाचावें, त्यांतलाच हा मासला. दोन्ही यंत्रांस आम्हीं एकच भाषा नेमून दिली, तेव्हां तंटा मिटला. त्याच वेळीं हेंहि ध्यानांत आलें कीं, एक यंत्र काळ्याचा आंकडा १६ धरून चालत होतें आणि दुसरें शून्य. त्यामुळें रात्रीचे देखावे राखेसारखे दिसत होते. तेंहि मिटविलें. ज्वारीच्या मळणीची धूळ यंत्राच्या जाळींत बसली होती, ती झाडली.

तिसऱ्या रात्रीं 'पिंजरा' नीट दिसला. निदान आम्हांस तो नीट वाटला. मातोश्री मात्र शेवटपर्यंत पाहून म्हणाल्या, "चांगलाय. पर तंबूत असा नव्हता. तंबूत समदा तांबडा होता." बंधु हंसले, आम्ही हंसलों नाहीं, कारण ह्या बाबतींत मातोश्रींची साक्ष तंतोतंत खरी असण्याचा फार संभव आहे. त्या काळच्या रंगीत फिल्मच्या प्रतींत तीन रंगद्रव्यांचे थर असत, आणि त्यांतला निळा-हिरवा थर सर्वांत आधीं विटे. तो विटला कीं चित्रांत उरे तो गुलाबी-तांबडा. 'पिंजरा' १९७२ चा. गांवोगांव फिरून आमच्या जत्रेस पोंचेपर्यंत त्याची प्रत किती वर्षांची झाली असेल कोण जाणे! शिवाय तंबूंतील यंत्रांत प्रकाश असे कोळशाच्या कांड्यांचा. त्या जळून आंखूड होत, चालकानें त्या जवळ सरकविण्यांत हयगय केली कीं पडद्याचा रंग पालटे. म्हणजे मातोश्रींनीं जो 'पिंजरा' पाहिला, ज्यावर त्यांचें प्रेम बसलें, तो तांबडाच होता. आम्हीं आमच्या शास्त्राच्या बळावर त्यांचा 'पिंजरा' बिघडविला, असेंहि म्हणतां येईल.

ज्यांचा तो चित्रपट, त्या शांतारामबापूंसहि रंगानें एकदां दगा दिला होता. प्रभात कंपनीसाठीं १९३३ सालीं त्यांनीं 'सैरंध्री' रंगीत केला. त्याच्या रंगीत प्रती जर्मनींत तयार झाल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहींत. रंगांत त्यांस मोठें यश आलें तें १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्यें. बावीस वर्षें मध्यें गेलीं. एवढ्या मोठ्या कलावंताची ही कथा, मग पांच रात्रींत दमलेल्या आमच्यासारख्यानें काय खंत करावी?

चौथ्या रात्रीं बाहेरच्या कोणास न बोलावतां आम्हीं विवाहाची टेप लावली.

आतां तें शल्य. वडील जन्मभर पांढरी टोपी घालीत. मुलीच्या लग्नांत मात्र त्यांनीं नगरहून रंगीत फेटा आणला आणि तो स्वतःच्या हातानें बांधला. आम्ही त्या वर्षीं बी. ए. झालों होतों. आमचे चार कॉलेजमित्र पुण्याहून लग्नास यावयाचे होते, आणि आमच्या अंगांत तेव्हां जें इंग्रजी वारें शिरलें होतें त्यास तो फेटा सोसला नाहीं. आम्हीं वडिलांस बाजूस घेऊन म्हटलें, कीं हा फार भडक आहे, तमाशांतल्या माणसासारखा दिसतो, पांढरा बांधा. ते कांहीं बोलले नाहींत. फेटा त्यांनीं तोच ठेवला, पण मित्र आले तेव्हां ते मांडवाच्या मागल्या बाजूस, आचाऱ्यांपाशीं उभे राहिले. पुढें पांच वर्षांनीं ते गेले. ह्या गोष्टीचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं आणि आम्हांसहि करवला नाहीं. तो फेटा कोणत्या रंगाचा होता, हें मात्र आम्हांस आठवत नाहीं. 'भडक' एवढेंच आठवतें. भडक हा कांहीं रंग नव्हे.

पडद्यावर वडील आले. मांडवाच्या खांबाशीं उभे राहून कोणाशीं तरी बोलत आहेत, मध्येंच फेट्याचा शेमला मागें टाकतात. फेटा दिसला तो विटकरी-नारिंगी. मातोश्री तत्काळ म्हणाल्या, "असा नव्हता रं त्यांचा फेटा." बंधु म्हणाले, तांबडाच होता. भगिनीस सोलापुरास फोन लावला. ती म्हणाली, केशरी, तिला पक्कें आठवतें. कोणता होता असें मातोश्रींस विचारलें, तर त्या म्हणाल्या, "डाळिंबी."

आम्हीं पुन्हां यंत्राकडे धांव घेतली. परंतु ह्या वेळीं दोष यंत्रांत नव्हता. व्हिडिओ टेपेवर रंगाची नोंद उजेडाच्या नोंदीपेक्षां पुष्कळच ढोबळ असते, आणि तांबडा तर आपल्या कडांबाहेर सांडतो. ह्याहून मोठा दोष चित्रण करणाऱ्याच्या हातचा. पांढरें कशास म्हणावयाचें हें कॅमेऱ्यास प्रत्येक जागीं नव्यानें शिकवावें लागतें. उन्हांत एक पांढरें, हॅलोजनच्या दिव्यांत दुसरें. त्या गृहस्थानें सकाळीं एकदां शिकविलें असावें, आणि तेंच रात्रीच्या वरातीपर्यंत चालविलें असावें. वडील ज्या खांबाशीं उभे आहेत तेथें तर ऊन मांडवाच्या पिवळ्या-तांबड्या कापडांतून गाळून येत होतें. त्या उजेडांत फेटाच काय, भटजीचा उपरणाहि नारिंगी दिसतो. आमच्या देशांत दूरचित्रवाणी १९८२ सालीं रंगीत झाली ती 'पाल' नांवाच्या पद्धतीनें. तिचा गुण असा कीं, मार्गांत रंगाची चूक झाली तर ती ओळीओळीनें उलटसुलट होऊन आपोआप फिटते. अमेरिकेच्या पद्धतींत त्यासाठीं प्रेक्षकास खुंटी पिळावी लागे. पण चूक उगमींच झाली असल्यास कोणत्या पद्धतीनें ती फिटावी?

आणि डाळिंबी म्हणणाऱ्या साक्षीदाराच्या डोळ्यांचें काय? मातोश्रींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु गेल्या वर्षीं काढला. डाव्याचा राहिला आहे. आम्हीं सहज त्यांस एकेक डोळा तळहातानें झांकावयास सांगितलें. डावा झांकला तेव्हां त्या म्हणाल्या, पडदा निळसर हाय. उजवा झांकला तेव्हां म्हणाल्या, हळद सांडल्यावाणी. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर पिवळें पडतें आणि निळा-जांभळा प्रकाश अडवूं लागतें. तें इतकें हळूहळू होतें कीं मेंदु सांभाळून घेतो, मनुष्यास पत्ता लागत नाहीं. एका डोळ्यांत नवें स्वच्छ भिंग बसलें म्हणजे मग दोन डोळ्यांत दोन जगें दिसूं लागतात. मोने ह्या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्यावर १९२३ सालीं शस्त्रक्रिया झाली, तेव्हां रंग जुळेनात म्हणून तो अगदीं त्रासून गेला, आणि रंगीत कांचांचे चष्मे लावून पाहूं लागला. मातोश्री त्रासल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "दोन्ही डोळं उघडं ठेवलं की झालं."

येथें आमच्या मनांत एक भलतीच शंका आली. आमचेंहि वय पंचावन्न. ज्या डोळ्यांनीं आम्हीं तीन रात्रीं हिरवा छाटला, निळा कमी केला आणि 'आतां पांढरें झालें' असा निकाल दिला, ते डोळे तरी कोठें कोरे राहिले आहेत? म्हणून बंधूंची दहा वर्षांची मुलगी पंच नेमली. तिनें कोऱ्या फ्लेक्सकडे पाहून सांगितलें, "काका, पिवळट हाय थोडं." तिचें ऐकून निळा दोन अंश वाढविला. आम्हांस तो थंड वाटला, पण आम्ही गप्प बसलों.

पांचव्या दिवशीं दुपारीं मातोश्रींस आठवलें, कीं फेटा कोठें गेलेलाच नाहीं. वडील गेल्यावर त्यांनीं तो फाडून गोधडींत घातला होता. भावजयींनीं उतरंडीमागून गोधड्यांची चळत काढली. खालून तिसऱ्या गोधडींत, लुगड्यांच्या व धोतरांच्या ठिगळांमध्यें, तो सांपडला. पण उन्हांत वाळून, धुवून धुवून त्याचा रंग आतां फिकट मातीसारखा झाला होता. आम्ही निराश झालों. भावजय मात्र शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यानें पाहत होत्या. त्यांनीं कडेची शिवण हातभर उसविली आणि आंत दुमडलेली कोर बोटानें बाहेर काढली. एकोणतीस वर्षें तिला ऊन लागलें नव्हतें. ती दोन बोटें रुंदीची पट्टी डाळिंबी होती.

ती भडक नव्हती. आम्ही ती ओसरीच्या उजेडांत फार वेळ धरून होतों. पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा, थोडा काळसर, शांत असा तो रंग होता.

जगांतलें पहिलें रंगीत प्रकाशचित्र मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञानें १८६१ सालीं लंडनमध्यें पडद्यावर पाडलें, तें एका रंगीत फितीचें होतें. तांबडी, हिरवी व निळी अशा तीन गाळण्यांतून घेतलेलीं तीन छायाचित्रें त्यानें तीन दिव्यांनीं एकावर एक पाडलीं. आमच्या यंत्राच्या पोटांत आजहि तेंच चालतें, तीन चिमुकल्या कांचांवर. मौज अशी कीं, त्या काळच्या छायाचित्राच्या कांचेस तांबडा प्रकाश मुळीं कळतच नसे. मग तांबडें उमटलें कसें? शंभर वर्षांनीं उलगडा झाला, कीं तांबडें कापड डोळ्यांस न दिसणारा अतिनील प्रकाशहि परत फेंकतें, आणि तोच गाळणींतून शिरून कांचेवर उमटला होता. मॅक्सवेलची फीत बरोबर दिसली ती दैवयोगानें. आमच्या फितीस दैव तितकें अनुकूल नव्हतें.

रात्रीं गोधडीची ती कड पडद्याशेजारीं कोऱ्या पांढऱ्या प्रकाशांत टांगली, आणि वडील खांबाशीं उभे आहेत तेथें चित्र थांबविलें. यंत्रांत प्रत्येक रंगास वेगळें फिरविण्याची सोय आहे. तांबड्यास आम्हीं जांभळ्याच्या बाजूस एकेक अंश ढकलीत गेलों. विटकरीचा तांबडा झाला, तांबड्याचा किरमिजी. आणि मग एका ठिकाणीं पडद्यावरचा फेटा आणि गोधडींतली पट्टी एक झालीं. पुतणीनें टाळी वाजविली. त्याच वेळीं बंधु म्हणाले, "दादा, आण्णांच्या तोंडाकडं बघ."

वडिलांचें तोंड जांभळें पडलें होतें. थंडींत गारठलेल्या माणसाचें होतें तसें. मनुष्याच्या कातडीचा रंगहि तांबड्याच्याच घराण्यांतला. फेट्यास हालविलें कीं तोंड हालतें. अंश मागें घेतले, तोंड जिवंत झालें, पण फेटा विटकरी झाला. पुढें ढकलले, फेटा आला, तोंड गेलें. अर्ध्या तासांत आम्हीं हे हेलपाटे दहाबारा वेळां घातले असतील. मध्यावर कोठें तरी थांबावें, तर तेथें दोन्ही खोटीं. टेपेच्या त्या तुकड्यास संगणकावर घालून फेट्याचें क्षेत्र वेगळें आंखलें तर हें साधेल, असें एक विद्यार्थी आम्हांस पूर्वीं सांगत होता, आणि साधतहि असेल. पण तें शास्त्र त्या रात्रीं मिरजगांवांत उपलब्ध नव्हतें.

शेवटीं बंधूंनीं मातोश्रींस विचारलें, "आई, तोंड नीट ठिवायचं का फेटा?" आमची अशी खात्री होती कीं त्या तोंड म्हणतील. कोणीहि तोंडच म्हटलें असतें. त्यांनीं पडद्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. ती गोष्ट त्यांस ठाऊक होती कीं काय, हें आम्हांस कळलें नाहीं. त्या म्हणाल्या, "तोंड हाय माझ्या ध्यानात. फेटा नीट कर."

आम्हीं फेटा नीट केला. तीं दोन-अडीच मिनिटें तीन वेळां पाहिलीं. दुसऱ्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें कीं, चौकटीच्या डाव्या कडेस, वडिलांपासून चार हातांवर, चष्मा लावलेला एक तरुण उभा आहे. तोहि जांभळाच झाला होता. तो मांडवाच्या दाराकडे पाहत होता. पुण्याची मंडळी अजून यावयाची असावीत.

यंत्रांत जुळविलेले अंक एका क्रमांकाखालीं सांठवून ठेवतां येतात. तो दोन नंबरचा क्रमांक झाला. पुतणीनें कागदाची चिठी कापून तिच्यावर 'आण्णांचा फेटा' असें लिहिलें आणि ती रिमोटच्या पाठीस चिकटवली. एक नंबर 'पिंजऱ्या'चा. मातोश्रींच्या आग्रहावरून त्यांत आतां तांबडा थोडा अधिक घातला आहे. दुसऱ्या दिवशीं आम्ही पुण्याची गाडी पकडण्यास निघालों, तेव्हां भावजय ओसरीवर बसून गोधडीची उसवलेली कड पुन्हां शिवीत होत्या. बोटभर जागा उघडी ठेवावी, असें आम्हीं त्यांस म्हटलें. त्या म्हणाल्या, "उघडी ठेवली तर उडंल की भाऊजी रंग," आणि टांका घातला.